वजा विणकाम

६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही, असं तू काही म्हणणार नाहीस, म्हणून मीच म्हणते. वर्षाच्या सुरुवातीला तुझं कार्ड येतं, त्यावर 'इकडे सर्व कुशल' असतं. माझं तुला जातं, त्यावर 'इकडेही'. चौदा वर्षं आपण दोघी अशा कुशल आहोत. इतक्या कुशल बहिणी एकमेकींशी बोलत का नाहीत, हे कुणी विचारलं तर पंचाईत व्हायची.

माझं ठीक आहे. डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, आणि जिना तर रोज उतरावा लागतो, कारण मला अजून ग्रंथालयाच्या तळघरात, बांधणी विभागातच ठेवलंय. तिथं एक खिडकी आहे, तीही छताला टेकलेली. तिच्यातून लोकांचे फक्त पाय दिसतात. मी फाटक्या पुस्तकांच्या पाठी काढते, खळ लावते, दोरा भरते, वजनाखाली दाबून ठेवते. माझ्याबरोबर एक म्हातारा बांधणीवाला असतो. त्याला ऐकू कमी येतं आणि बोलायला आवडतं, त्यामुळे आमचं छान जमतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे.

तुला फोन करता आला असता, मेलही पाठवता आली असती. पण तीस वर्षं संदर्भ विभागाच्या टेबलावर बसून लोकांना हवं ते शोधून दिल्यावर मला एवढं कळलंय, की पडद्यावर लिहिलेलं कधी ना कधी कुणाच्या तरी हाती लागतं. कागदाचं तसं नाही. म्हणून कागद.

आता एक गंमत सांगते. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त दंतवैद्य राहतात. आयुष्यभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतःच बोलत राहिल्यामुळे त्यांना उत्तर ऐकायची सवय राहिलेली नाही. त्यांना त्यांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई हवी होती. महिनाभर संगणकावर 'सुई' 'सुई' करत होते आणि त्यांना शिवणाच्या, विणकामाच्या, इंजेक्शनच्या सुया मिळत होत्या. शेवटी माझ्याकडे आले. मी त्यांना शेजारी बसवून माझा शनिवारचा जुना वर्गच घेतला. दोन शब्दांच्या मध्ये 'अँड' घातला की दोन्ही असलेलीच पानं येतात, घेर लहान होतो. 'ऑर' घातला की हे किंवा ते, काहीही चालतं, घेर वाढतो. अवतरणचिन्हांत वाक्य ठेवलं की तेच वाक्य, त्याच क्रमानं शोधलं जातं. आणि शब्दाआधी वजा चिन्ह दिलं की तो शब्द असलेली सगळी पानं बाहेर. मी टाइप केलं: सुई अँड रेकॉर्ड, वजा शिवण, वजा विणकाम.

दंतवैद्य पडद्याकडे बघत म्हणाले, "बाई, पण एखाद्या विणकाम करणाऱ्या बाईकडेच ही सुई पडून असली तर? तिनं तसं आपल्या पानावर लिहिलं असलं, तर ते आपण आत्ताच फेकलं की."

मी म्हटलं, "अगदी बरोबर. म्हणून वजा चिन्ह सगळ्यात शेवटी वापरायचं, आणि आपण काय फेकतोय ते आधी बघायचं." हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलेलं वाक्य आहे. या वेळी ते माझ्याच तोंडातून बाहेर पडलं आणि मला पाणी प्यावंसं वाटलं. दंतवैद्यांना मी जवळजवळ हाकललंच.

ते का, तेही सांगते. चार वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या अभिप्रायांच्या पानावर माझ्याबद्दल कुणीतरी निनावी मजकूर टाकला. तुझ्या कानावर आलं असेलच, नसेल तर आता आलं. त्यात काय होतं ते पुन्हा लिहून हा चांगला कागद खराब करत नाही. शब्द न् शब्द खोटा होता. पण त्याखाली चाळीस लोकांनी माना डोलावल्या, समितीनं 'चौकशी होईपर्यंत' म्हणून मला तळघरात पाठवलं, आणि चौकशी काही झाली नाही. माझं टेबल मुख्य ग्रंथपालांच्या भाचीला मिळालं. ती लोकांना 'गूगल करा ना' म्हणते, आणि त्याचा तिला पगार मिळतो.

मी तेव्हापासून त्या माणसाला शोधते आहे. लिहिणारा लपला तरी त्याची वाक्यं लपत नाहीत. त्या मजकुराचा शेवट असा होता: 'बाईंचं काम उलट्या बाजूनं बघा, म्हणजे गाठी कुठे मारल्यात ते दिसेल.' असं वाक्य कुणी त्या दिवसापुरतं घडवत नाही. ते तोंडात बसलेलं असतं. मी ते तुकड्यातुकड्यानं अवतरणचिन्हांत घालून शोधलं. शेकडो पानं आली. सगळी मोज्यांची, शालींची, मफलरांची. गर्दी फार झाली म्हणून मी पुढे वजा विणकाम लिहिलं, आणि चार वर्षं ते तसंच ठेवलं. मग उरलं काय? मासेमारीची जाळी, गालिचे, एका शल्यविशारदाचं व्याख्यान. मी 'ऑर' लावून शब्द बदलून पाहिले. भाचीबाईंनी कुठे कुठे काय लिहिलंय ते सगळं वाचलं. तीच असणार म्हणून चार वर्षं तिच्याशी बोलले नाही. आता बोलावं लागणार, हा एक वेगळाच त्रास.

दंतवैद्य गेल्यावर मी वजा चिन्ह काढलं. सहाव्या पानावर एक लोकरीचं दुकान सापडलं. नवशिक्यांसाठी मोज्याच्या टाचेचा धडा होता. 'घाई करू नका. विणलेलं उलट्या बाजूनं बघा, म्हणजे गाठी कुठे मारल्यात ते दिसेल.'

एका वाक्यावरून कुणाला दोषी धरू नये, हेही मीच शिकवते. म्हणून मजकुरातलं दुसरं वाक्य घेतलं: 'नजर पक्की आहे म्हणून हात पक्का असतो असं नाही.' ते त्याच पानावर, नवव्या धड्यात होतं. मग दोन्ही वाक्यं 'अँड' लावून एकत्र शोधली. सगळ्या जगात दोनच पानं आली. एक ग्रंथालयाचं अभिप्रायांचं. दुसरं तुझं.

तुझ्या दुकानाची पाटी छान आहे. निळा रंग तुला पहिल्यापासून आवडतो. धडेही चांगले लिहितेस, समजावून, न रागावता. हे कुणाकडून शिकलीस ते मी विचारत नाही.

पत्राचं उत्तर पत्रानंच पाठव. तब्येतीला जप, तुझी मला अजून गरज आहे.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहिले. ते लागू पडतीलच असं नाही.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन ओळी. 'हो, मीच लिहिलं. त्यात खोटं काय आहे, तेवढं सांग.' खाली सही. सही करता येते म्हणजे तुला. चार वर्षांपूर्वी येत नव्हती का?

मी ते कार्ड घेऊन तळघरात गेले आणि दिवसभर पुस्तकं दाबत बसले. बांधणीवाला म्हणाला, "बाई, एवढं दाबू नका, खळ बाहेर येते." मी ऐकलं नाही. खळ बाहेर आली. दोन पुस्तकं एकमेकांना चिकटली, ती सोडवताना एकाचं आवरण फाटलं. तेही तुझ्या खात्यात.

आता मी काय केलंय ते नीट वाच.

समितीकडे अर्ज केला. नवे अध्यक्ष औषधांचे घाऊक व्यापारी आहेत. पुस्तक हातात घेण्याआधी आणि नंतर हात पुसतात, पण माणूस नियमानं चालणारा आहे. ते म्हणाले, "बाई, निनावी मजकुरावर कारवाई झाली हे गैरच होतं. लिहिणारं माणूस समोर आलं आणि मजकूर खोटा ठरला, तर तुमचं टेबल तुम्हाला परत. दीड वर्ष का होईना, मानानं बसा." संदर्भ विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त व्हायचं, हातात खळ घेऊन नाही, एवढंच मला आता हवं आहे. मी तुझं नाव, दुकानाचा पत्ता आणि दोन्ही पानांच्या छापील प्रती दिल्या. अर्जाच्या शेवटी दोन चौकटी होत्या: मजकूर खरा, मजकूर खोटा. एकीवर खूण करायची. मी 'खोटा'वर केली.

सुनावणी २५ मार्चला, मंगळवारी, सकाळी अकराला, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात आहे. तुला नोटीस येईल. आली नाहीस तर एकतर्फी निकाल लागेल. तुझ्या धड्यांखाली एकशे बाराजणींनी 'किती प्रेमानं समजावता' असं लिहिलंय, मी मोजल्या. निकाल हातात पडला की त्या एकशे बाराजणींना मी तो पाठवणार आहे, एकेकीला, स्वतंत्र. त्यांना शोधणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे. चाळीस लोक माझ्या नावाखाली माना डोलावताना मला कसं वाटलं, ते तुलाही कळू दे.

तुला सगळं हसण्यावारी न्यायचं असेल तर ने. पण माझं काय गेलं ते ऐकून घे. मला रस्त्यात थांबवून लोक विचारायचे, 'ताई, आजोबांच्या जहाजाचं नाव सापडेल का?', 'ताई, या आजाराचं नाव काय असेल?' ते बंद झालं. शनिवारच्या वर्गाला सुतार यायचे, परिचारिका यायच्या, एक टॅक्सीवाला तर तीन वर्षं न चुकता आला. तो वर्ग बंद झाला. पहिल्या दिवशी मी टेबलाचा खण रिकामा करत होते तेव्हा भाचीबाई शेजारी उभी राहून घड्याळ बघत होती. हे सगळं तू केलंस. भांडायचं होतं तर घरी यायचं होतं, माझ्या तोंडावर बोलायचं होतं. मागून, नाव लपवून, परक्या लोकांसमोर काय बोललीस?

खोटं काय, म्हणून विचारतेस. सगळंच.

तू लिहिलंस की मी एका माणसाच्या नावावर दुसऱ्याचीच फिर्याद चिकटवली. तू लिहिलंस की ग्रंथालयाचं यंत्र मी घरच्या कामाला वापरलं. तू लिहिलंस की त्यामुळे एक ठरलेलं लग्न मोडलं. नाव कुणाचंच दिलं नाहीस, माझ्या हुद्द्याशिवाय. वाचणाऱ्याला वाटावं, कुण्या बिचाऱ्या वाचकाची तक्रार आहे. ती बिचारी तू होतीस, आणि ते लग्न तुझं होतं, हे कुठेच लिहिलं नाहीस. त्याला मी खोटं म्हणते.

मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठी केलं. आई-वडील गेल्यावर तुला मी वाढवलं, तुझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घातली, तुझे ताप काढले. त्या नकाशेवाल्याच्या हाती तुला देण्याआधी त्याची चौकशी करणार नाही तर काय? जमिनीची मोजणी करत गावोगाव फिरणारा माणूस. एका गावात काय करतो ते दुसऱ्या गावाला कळणार नाही असा धंदा. मला फिर्याद सापडली, बायकोला टाकल्याची, त्याच्या नावावर. ती मी लपवून ठेवायला हवी होती का?

बाकी भेटीत.

ताई


१५ मार्च

बारके,

आशीर्वाद या वेळी मुद्दामच लिहिले नाहीत. खाली वाचशील तेव्हा ते तुला नकोसेच होतील.

तुझं दोन पानी पत्र परवा आलं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं. मी ते एकदा सलग वाचलं, एकदा थांबत थांबत.

म्हणजे पाच वर्षांपूर्वी एक बाई तुझ्या लोकरीच्या वर्गाला आली. नवऱ्यासाठी स्वेटर विणायचा होता. चार आठवडे तू तिला शिकवलंस, तिच्याशी हसलीस, बोललीस. पाचव्या आठवड्यात माप नीट मिळेना म्हणून तिनं नवऱ्यालाच दुकानात आणलं, आणि तो नकाशेवाला होता. त्याच्या बाहीचं माप तू तिला घेऊन दिलंस, हे तू एका ओळीत लिहून पुढे गेली आहेस. ती ओळ मी दुसऱ्यांदा वाचली नाही.

मग तू त्याला विचारलंस आणि त्यानं सांगितलं. त्याच नावाचा, त्याच आडनावाचा, मोजणीच्याच कामातला दुसरा माणूस फिर्याद झाली त्या गावात होता. वयानं अकरा वर्षांनी मोठा. फिर्याद त्याच्यावर होती. आपल्या नकाशेवाल्यानं त्या गावात सहा महिने काम केलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. आणि एवढं झाल्यावर त्यानं विचारलं, "तुमच्या ताई बऱ्या आहेत ना?" हे तू का लिहिलंस ते मला समजलं. लागायला हवं तिथंच लागलं.

हे सगळं मला कुठल्याही शोधात सापडलं नसतं. कुणाची बायको लोकर घ्यायला कुठे जाते याला कुठलंच चिन्ह नाही.

आता माझं ऐक. यापुढचं मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही, आणि तुलाही सांगणार नव्हते. गेल्या पत्रात मी दोन पानं तुझ्यावर ओरडले, ते हे लिहावं लागू नये म्हणून.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीत त्याचे आई-वडील बसले होते. आपले काका होते. तू दाराच्या पडद्याजवळ उभी होतीस. मी छापील कागद काढले आणि वाचून दाखवले, तारखांसकट, आवाज न चढवता. मला माझ्या आवाजाचा अभिमान वाटत होता. नकाशेवाला उठून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "हा मी नाही." मी म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." त्याची आई तिथल्या तिथे उठली. ते गेल्यावर काका म्हणाले, "पोरीला वाचवलंस." आणि तू, बारके, तू त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहत होतीस. कारण ताईनं शोधलेलं चुकत नाही, हे तुला पाठच होतं. मीच ते पाठ करून घेतलं होतं.

चूक कशी झाली तेही सांगते, तुला कळेल. तो दोन गावांत राहिला होता, म्हणून मी त्याचं नाव अवतरणचिन्हांत लिहिलं आणि पुढे 'हे गाव ऑर ते गाव' असं टाकलं. 'ऑर'ला काहीही चालतं. त्यानं दोन्ही गावांतली पानं एका ढिगात आणून टाकली आणि मी तो ढीग एकाच माणसाचा धरला. त्याचं महाविद्यालय, वय, वडिलांचं नाव, यातलं काहीतरी 'अँड' लावून पाहायचं, हे पहिल्या शनिवारी येणाऱ्या सुतारालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मला हवं ते सापडलं होतं. मग कोण पुढे बघतं?

चूक कुणाच्याही हातून होते असं तू म्हणशील. तुझ्या त्या मजकुरातही तू तसंच म्हटलं आहेस. त्यातला प्रत्येक शब्द मला येतो. मधल्या परिच्छेदात तू लिहिलंस: 'बाईंनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. आपली चूक त्यांना आजपर्यंत कळलीही नसेल.' चार वर्षं सगळा मजकूर मला टोचला, पण हे वाक्य सगळ्यात जास्त. बाकीच्या शिव्या पचवता येतात.

मला आठव्या दिवशी कळलं.

ती बैठक रविवारी झाली. पुढच्या सोमवारी दुपारी टेबलावर गर्दी नव्हती. त्याचं 'हा मी नाही' माझ्या डोक्यातून जात नव्हतं आणि मला राग येत होता, की हा एवढा शांतपणे कसा खोटं बोलला. त्याची आणखी लफडी शोधून काढायची, परत कधी समोर आला तर तोंडावर फेकायची, म्हणून मी बसले. या वेळी नीट शोधलं. नावापुढे 'अँड' लावून फिर्यादीचा क्रमांक टाकला. न्यायालयाबाहेरचा एक फोटो आला. टकला, जाडजूड, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. खाली तेच नाव, तेच आडनाव. मी तो फोटो पाच मिनिटं बघत बसले. मग ते पान छापलं. का छापलं ते माहीत नाही, सवयीनं असेल. यंत्र खाली तारीख आणि वेळ आपोआप छापतं.

हे गाव नकोसं झालं म्हणून तू घर सोडून गेलीस, ती त्यानंतर बारा दिवसांनी. बारा दिवस तू माझ्यासमोर जेवायला बसत होतीस. ताटाकडे बघून उठत होतीस. एकदा मला म्हणालीस, "ताई, बरं झालं तू बघितलंस." तेव्हा माझ्या बॅगेत ते पान होतं, आणि बॅग खुर्चीला अडकवलेली होती. मी म्हणाले, "जेव नीट."

का बोलले नाही, याला दोन कारणं आहेत. एक, चूक झाली असं मला म्हणता येत नव्हतं, काकांसमोर, त्याच्या आईसमोर, आणि तुझ्यासमोर तर मुळीच नाही. दुसरं, तू गेली असतीस. तो तुला दूर कुठेतरी नेणार होता आणि मी त्या घरात एकटी उरले असते. यातलं मोठं कारण कुठलं ते मी चौदा वर्षं ठरवू शकले नाही. आणि तू गेलीसच. म्हणजे मी तेही धड केलं नाही.

तुझं कार्ड दर वर्षी यायचं, त्यावर लोकरीचं चित्र असायचं. तो मजकूर कुणाचा असेल, हे मी पहिल्या दिवशी वाचला तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. म्हणूनच मी विणकाम वगळलं. गर्दी होत होती हे खरं आहे, पण गर्दीला मी कधी घाबरत नाही. त्या गर्दीत तू उभी असशील याला घाबरले.

आता माझा राग. तो गेलेला नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. तुला कळल्यावर तू माझ्यावर तुटून पडायला हवं होतंस. त्याऐवजी नाव लपवून लिहिलंस, आणि वर मला सूट दिलीस, 'कळलीही नसेल' म्हणून. तू मला मूर्ख ठरवलंस आणि त्याला दया म्हणालीस. चार वर्षं मी तळघरात त्या दयेचं काय करू ते न कळता बसले आहे. मला ती नको आहे. मी मूर्ख नव्हते. मी वाईट वागले, आणि ते पूर्ण शुद्धीत.

तू विचारलं होतंस, त्यात खोटं काय आहे. तेवढं एक वाक्य खोटं आहे. बाकी सगळं खरं.

ते छापील पान या पत्राबरोबर पाठवते आहे. खालच्या कोपऱ्यातली तारीख बघ आणि मग तू घर सोडलंस तो दिवस आठव. याची दुसरी प्रत माझ्याकडे नाही, ती ठेवायचा मोह झाला होता.

२५ तारखेला, मंगळवारी अकराला अध्यक्ष मला विचारतील, मजकूर खरा की खोटा. मी 'खोटा' म्हणणार आहे. अर्जावर तीच खूण आहे आणि मी माझा शब्द फिरवत नाही, हे तुला पुरेपूर माहीत आहे. तू आलीस आणि हे पान टेबलावर ठेवलंस, तर मी हरेन, त्या सगळ्यांसमोर, आणि खळीत हात घालूनच निवृत्त होईन. तू आली नाहीस तर मी जिंकेन. तुला खोटारडी ठरवून माझ्या जुन्या खुर्चीत जाऊन बसेन, एकशे बारा पत्रं टाकेन, आणि तेही मला जमेल. चौदा वर्षं जमलंच आहे.

निर्णय तुझ्यावर सोपवते आहे असं समजू नकोस. मला शिक्षा हवी आहे आणि ती तुझ्या हातून हवी आहे, नावानिशी, माझ्याकडे बघत. सूड घ्यायचा तर एकदा तरी पूर्ण घे.

सकाळची पहिली बस धरलीस तर वेळेवर पोचशील. मी सभागृहात दाराकडे तोंड करून बसेन.

आठव्या दिवशी कळून गप्प बसलेली,
तुझी ताई